शांत पाणी

आता गावातली पोरं समुद्राखालच्या गुहेत दिवे लावून दिवसभर शेवाळाची शेती करायची. पाठीवरचा डबा सोडलेला श्वास साफ करून परत द्यायचा, त्यामुळे वर एकही बुडबुडा येत नसे. होडीत बसून धाकू तांडेलला ते शांत पाणी बघवायचं नाही. तो स्वतः बुड्या मारायचा तेव्हा बुडबुडे दिसले की माणूस जिवंत.

त्या दुपारी त्याचा मुलगा सुहास खाली असताना बुडबुडे आले. धाकूचा जीव भांड्यात पडला.

“बघ गे वैजू, तुझो घोव मजेत आसा.”

सून त्याच्या कमरेची दोरी ओढायलाही लागली होती. “मामंजी, ह्या डब्याक बुडबुडे नसतत. डबो फुटलो. ओढा.”

सुहास निळा पडून वर आला, पण वाचला.

आठवड्याने तो परत उतरला. धाकू पाण्यावरून नजर काढेना.

“काय बघतास, मामंजी?”

“कायच दिसणा नाय. ताच बघतंय.”