एकच डाव

त्याने यंत्राच्या मागचं बटण दाबलं आणि श्वास रोखून काचेकडे बघत राहिला. आधी नुसती गुणगुण झाली. मग काच हळूहळू उजळली आणि आठ महिने घर अडवून बसलेलं ते कपाटाएवढं धूड एकदम गायला लागलं. त्याच्या लहानपणची तीच ती चिरकी, आनंदी धून. दारात उभी असलेली बायकोसुद्धा हसली. आठ महिन्यांत तिने या यंत्राला काय काय नावं ठेवली होती. सवत हे त्यातलं सगळ्यात सौम्य.

पण त्याचं लक्ष तिच्याकडे नव्हतं. खिडकीजवळच्या खुर्चीत वडील बसले होते, तो त्यांच्याकडे बघत होता.

वडिलांचं एके काळी व्हिडिओ गेमचं दुकान होतं आणि हे यंत्र त्याच दुकानातलं. रोज संध्याकाळी शटर अर्धं खाली ओढलं की वडील यंत्राचं पुढचं छोटं दार किल्लीने उघडत. नाणी पडायची ती आतली जागा. तिथे बोट घालून ते एक तार टिचकीने हलवत, की नाणं न टाकता एक डाव मिळे. "ठेंगू, चल, एकच डाव," असं म्हणत, आणि हा खोक्यावर उभा राहून खेळे.

खोक्यावरून उतरून तीस वर्षं झाली. आता तो चांगला सहा फूट उंच, लिफ्ट दुरुस्त करणारा नावाजलेला कारागीर. आणि वडिलांचं मात्र दोन वर्षांत सगळं पुसलं गेलं होतं. ते त्याला 'अहो' म्हणत. अहो, जरा पाणी मिळेल का, असं भीत भीत विचारत. बापाने पोटच्या पोराला परक्यासारखं विचारावं, यासारखी दुसरी शिक्षा नाही. डॉक्टरांनी हात टेकले होते. याने टेकले नव्हते. एकदा, फक्त एकदा त्यांच्या तोंडून 'ठेंगू' ऐकायचं, एवढ्यासाठी त्याने भंगारवाल्याच्या गोदामातून हे धूड शोधून काढलं होतं.

मग जिवाचं रान केलं. वाळवीने खाल्लेली खालची फळी बदलली. गंजलेल्या तारा उपसून नव्या ओढल्या. पडद्याची काच तीन गावं पालथी घालून मिळवली. कामात अर्धवट काही ठेवायचा त्याचा स्वभावच नव्हता. नाण्यांची जुनी यंत्रणा तर त्याने मुळासकट काढून टाकली. ती नाणी चलनातून कधीच गेलेली, आणि घरात नाणी टाकणार कोण? नुसतं पुढचं बटण दाबलं की खेळ सुरू, अशी सोय त्याने करून घेतली. छोटं दार तेवढं घासूनपुसून, नवा रंग देऊन परत बसवलं, शोभेला.

धून ऐकून वडिलांची मान वर झाली. ते थोडा वेळ तसेच बसले आणि मग उठले. आपले आपण, कुणाचा हात न धरता. बायको पुढे झाली, पण त्याने तिला खुणेने थांबवलं. यंत्रापाशी वायर सारखी करत तो गुडघ्यांवर बसला होता, तो तिथून हलला नाही. हललो तर हे मोडेल, अशी त्याला भीती वाटली.

वडील थेट यंत्रापाशी आले. जुन्या ओळखीच्या म्हशीला थोपटावं तशी त्यांनी यंत्राच्या कुशीवर थाप मारली. खिसा चाचपला. किल्ली नव्हती, पण दार नुसतंच लोटलेलं होतं. त्यांनी ते उघडलं आणि बोट आत घातलं.



ते बोट काहीही विसरलं नव्हतं. डावीकडे, थोडं वर, जिथे तार असायची अगदी तिथेच ते जात होतं आणि रिकामं परत येत होतं. तार गेल्या महिन्यात भंगारात गेली होती. त्याच भंगारवाल्याला त्याने स्वतः नेऊन दिली होती आणि वर त्याचे आभारही मानले होते.

"बाबा, चालू आहे, हे बघा," म्हणत त्याने घाईघाईने बटण दाबलं. खेळ सुरू झाला. वडिलांनी पडद्याकडे पाहिलंही नाही. ते आणखी थोडं चाचपत राहिले. मग त्यांनी हात बाहेर काढला आणि आपल्याच बोटाकडे बघितलं. चेहऱ्यावर जे काही जागं झालं होतं, ते विझताना त्याला समोर बसून बघावं लागलं. त्यांनी दार अलगद लावलं. पडद्यावरचा डाव कुणी न खेळताच संपला.

तेव्हा कुठे खाली बसलेल्या त्याच्याकडे वडिलांचं लक्ष गेलं. ते वाकले. दोन वर्षांत पहिल्यांदाच त्या नजरेत माया होती. त्यांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला.

"आज नाही होत रे बाळा," ते म्हणाले. "दुकान बंद झालं. घरी जा आता. तुझे बाबा वाट बघत असतील."

दारातल्या बायकोने तोंड फिरवलं. तो उठला नाही. उठला असता तर सहा फूट झाला असता आणि डोक्यावरचा हात निघाला असता.

"जातो, काका," तो म्हणाला.