तिकिटाचं माप

टॉवेलच्या काठांना शिलाई मारणाऱ्या बायकांच्या वतीनं धनलक्ष्मीनं डझनामागे एक रुपया वाढवून मागितला, तेव्हा कारखान्याचे मालक सोमलिंगशेठ मनापासून हसले. कारखान्यामागच्या पटांगणात दर वर्षी तिकीट लावून मुलींचे कबड्डीचे सामने तेच भरवत.

"धनलक्ष्मी, परवाच्या सामन्याला साडेतीनशे तिकिटं खपली. जवळजवळ सगळी आपल्याच कामगारांनी काढली. लोकांकडं पैसा हाय का न्हाय, हे बघायचं माझं माप एकच, तिकीटविक्री. उपाशी माणूस तिकीट काढत न्हाय!"

धनलक्ष्मीची रेश्मा त्याच सामन्यांत खेळत होती. लेकीला खेळताना बघायचं म्हणून तिनं आठवडाभर बिनतेलाची भाजी केली होती. ती मशीनवर जाऊन बसली.

अंतिम सामन्याला शेठनी आमदारांना बोलावलं. मांडवात पुढच्या दोन खुर्च्या सोडल्या तर सगळ्या रिकाम्या होत्या, आणि कारखान्याच्या गच्चीवर मात्र कामगारांची इतकी गर्दी, की पाय ठेवायला जागा नव्हती. रेश्मानं पहिल्याच चढाईत दोघी बाद केल्या, तशी वरून आरोळी उठली.

शेठ लालबुंद झाले. "अगं ए धनलक्ष्मी, फुकट काय बघता? तिकिटं काढून खाली या की!"

धनलक्ष्मी कठड्यावरून वाकली आणि आमदारांना ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाली,



"मालक, तुमच्याच मापानं आज आमी उपाशी ठरलो की! आता सांगा, रुपाया कधी वाढवताय?"