ब्रेकवर पाय

गॅरेजात मला ड्रायव्हरच्या सीटवर बसवून ताई बॉनेट उघडून गाडीच्या अगदी पुढ्यात उभी राहिली.

“इंजिनाखालचं रबरी माउंटिंग झिजलंय का बघायचंय. ब्रेक दाब, पहिला गिअर टाक, क्लच हळूहळू सोड. इंजिन उसळलं की कळेल.”

“ताई, बाजूला हो ना.”

“बाजूनं दिसत नाही.”

वर्षापूर्वी इथंच माझा पाय ब्रेकऐवजी अ‍ॅक्सिलरेटरवर पडला आणि गाडी तिच्या अंगावर गेली. तेव्हापासून ती लंगडते आणि मी आजवर स्टिअरिंगला हात लावला नव्हता.

उघड्या बॉनेटमुळे ती दिसत नव्हती. सगळा जोर लावून ब्रेक दाबून मी क्लच सोडला. गाडी हिसका देऊन बंद पडली, पण जागची हलली नाही.

“बदलावं लागेल?” मी विचारलं.

“सकाळीच बदललंय,” ती म्हणाली, आणि बॉनेट लावून, लंगडत येऊन माझ्या शेजारच्या सीटवर बसली.