गलुंबी

दारावरची बेल वाजली आणि सासूबाईंनी निळ्या रंगाने माखलेले दोन्ही हात सरळ कणकेत खुपसले.

“उघड दार,” त्या म्हणाल्या. “आणि तोंड असं पाडू नकोस. तुझ्या तोंडावरूनच पकडतील मला.”

सुनेने दार उघडलं. समोर फौजदार.

गेला महिनाभर शहराच्या भिंतींवर एकच शब्द उमटत होता: गलुंबी. कुणी म्हणे चोरांची खूण, कुणी म्हणे साबणाची जाहिरात. पोरं तो ओरडत शाळेत जात, भाजीवाला त्यावर गिऱ्हाइकांना हसवी. अर्थ कुणालाच लागत नव्हता.

अर्थ या घरात खिडकीपाशी, खुर्चीत बसला होता. अर्धांगाच्या झटक्यानंतर सासऱ्यांच्या जिभेवर तेवढाच शब्द उरला होता. पाणी हवं, गलुंबी. राग आला, गलुंबी. बायकोला हाकही तीच. लोक आधी हळहळले, मग यायचेच बंद झाले.

“त्यांना आता आपली भाषा यायची नाही,” सासूबाई म्हणाल्या होत्या. “मग गावानं त्यांची शिकावी.”

सून केवढी चिडली होती तेव्हा. या वयात तुरुंगात जायचे डोहाळे लागलेत का?

“फाटक नुकतंच रंगवलेलं दिसतंय,” फौजदार घरभर नजर फिरवत म्हणाला. “निळं.”

“मीच रंगवलं, गेल्या आठवड्यात,” सासूबाई मळता मळता म्हणाल्या. कणकेत निळी रेघ उमटली. सून पटकन मध्ये जाऊन उभी राहिली.

“भिंतींवरही हाच निळा आहे, मावशी.” तो खिडकीकडे वळला. “काय आजोबा, रंगवताना पाहिलंत का कुणाला?”



“गलुंबी,” सासरे म्हणाले.

फौजदार खो खो हसला. “घ्या! आजोबांनाही लागण झाली!”

सासऱ्यांनी थरथरता हात पाण्याच्या भांड्याकडे केला. “गलुंबी,” ते काकुळतीने म्हणाले.

फौजदाराचं हसू तिथेच थांबलं. तो आधी म्हाताऱ्याकडे बघत राहिला, मग सुनेच्या खांद्यावरून कणकेकडे. संपलं सगळं, सुनेला वाटलं.

त्याने ग्लास भरला आणि स्वतः सासऱ्यांच्या ओठांना लावला. रिकामा झाल्यावर जरा वाकून विचारलं, “गलुंबी?”

सासऱ्यांचा चेहरा उजळला. परक्या माणसाने त्यांना काही विचारलं, त्याला किती दिवस झाले होते! “गलुंबी, गलुंबी!” ते हातवारे करत काय काय सांगत सुटले आणि फौजदार टोपी काढून ऐकत बसला.

निघताना तो दारात थांबला. कुणाकडेच न बघता म्हणाला,

“फाटकाला आजच दुसरा रंग द्या, मावशी.”