सुनेच्या गाठी

हर्नियाच्या ऑपरेशनसाठी धरमतरची हौसाबाई पेणच्या दवाखान्यात दाखल झाली आणि डॉक्टर तपासायला येताच तिने सुनेची गाऱ्हाणी सुरू केली. सून सुगंधा तिथलीच नर्स. ऑपरेशनमध्ये डॉक्टरांना हात द्यायचं ती वर्षभर शिकत होती, आणि घरी हाताला लागेल त्या वस्तूवर टाक्याच्या गाठीचा सराव करत होती.

"सुकटीची पिशवी बांधलीन, ती सुटंना. टेपरेकॉर्डरच्या वायरीला गाठ, ती सुटंना. माझ्या पोराच्या लेंग्याची नाडी तर कातरीनं कापायला लागली, डॉक्टर!"

खाटेपाशी उभ्या सुगंधाची मान खाली गेली. उद्या सासूच्याच ऑपरेशनमध्ये पहिल्यांदा ती स्वतःच्या हाताने टाके घालणार होती.

डॉक्टरांनी तिच्याकडे पाहिलं आणि हौसाबाईला समजावलं, "मावशी, तुमची नाराजी असेल तर राहू दे. उद्याचे टाके मीच घालतो. सुगंधाला पुढच्या पेशंटच्या वेळी संधी देऊ."

हौसाबाई पोट धरून उठून बसली.

"नाय, नाय! तुमची गाठ कोनी बघितलीय? हिनं मारलेली मातर आजपावतर सुटली नाय!"