नरेशच्या हातात काय

रुक्माला रीत म्हणून नव्हतीच. पंधरा दिवस फिरकली नाही, आणि आज आली ती पायातल्या चपलांसकट ओट्यावर टेकली. एवढे दिवस कुम्हारी गावच्या कोण्या नेत्याकडं चकरा मारत होती म्हणे. इकडं तुळसाबाईनं रोज दुपारी दोघींचा चहा टाकला होता आणि दोन्ही कप एकटीनंच संपवले होते. पण मेली असती तरी तिनं ते सांगितलं नसतं.

"कावून वो, घर विसरली का माझं?"

"सुनेचं टेन्शन आहे बाई." रुक्मानं तिळाच्या लाडवांचा डबा मधोमध ठेवला. तिची सून निशा लांब अहिवाऱ्याकडं सरकारी शाळेत शिकवायची. तिला घराजवळ बदली हवी होती. आणि तुळसाबाईचा नरेश शिक्षण खात्यात, बदल्यांच्याच टेबलावर.

"नरेशच्या कानावर घाल ना एकडाव. तुझं आयकते तो."

खोटं अगदी तुळसाबाईच्या जिभेवर आलं होतं. घालते म्हटलं असतं, तर रुक्मा दिवे लागेपर्यंत बसली असती. डोक्याला तेल चोळून दिलं असतं, साऱ्या खुर्सीपार वस्तीतल्या भानगडी सांगितल्या असत्या. नरेश सकाळी जायचा तो अंधार पडल्यावर यायचा. दिवसभर घरात स्टील प्लांटच्या भोंग्याशिवाय कोणाचा आवाज नाही.

"आता तसं नाही राहिलं," तुळसाबाई म्हणाली. "बदलीत पैसे खातेत म्हणून लय बोंब झाली, तवा नवा नियम आला. साऱ्या मास्तरायले हॉलमध्ये बसवतेत. कोणत्या शाळेत जागा आहे ते भिंतीवर दिसते. ज्याचा नंबर येईल त्यानं सगळ्यायच्या समोर शाळा निवडाची. नरेश नुसते नंबर पुकारते."

"म्हंजे त्याच्या हातात काहीच नाही?"

"माइक आहे."

रुक्मा हसली नाही. तिनं डब्याचं झाकण दाबून बसवलं, डबा पिशवीत टाकला आणि उठली. "येतो मंग. गॅसवाला येणार आहे."

तुळसाबाईनं बस म्हटलं नाही. पदर सारखा केला, आणि रुक्मा पायरी उतरत असताना, आवाज न चढवता म्हणाली,

"रुक्मा, तू नरेशच्या मायकडं येत होती. तुळसाकडं तं कोणी आलंच नाही."