तिसऱ्या शिरेपलीकडे

नऊ नंबरच्या टेबलावरच्या माणसाने चीजच्या गरम गोळ्यांची टोपली हातही न लावता बाजूला सरकवली, तेव्हाच आदेलारला कळले की हा साधा पर्यटक नव्हे.

धबधबा बघून आलेला पर्यटक आधी त्या गोळ्यांवर तुटून पडतो. मग सॉसेज, मग कोंबडीची हृदयं, मग तळलेली केळी. हवे तेवढे खा म्हटल्यावर त्याला दम निघत नाही. पिकान्याची, म्हणजे गाईच्या पुठ्ठ्यावरच्या सगळ्यात चांगल्या मांसाची सळई त्याच्यापाशी पोचेपर्यंत कमरेचा पट्टा सैल झालेला असतो. धबधब्याजवळच्या फोस गावातल्या मांसाच्या खानावळी चालतात त्या अशाच. चांगले मांस पर्यटकाला शेवटी, हे आदेलारनेच दोना इवोनीच्या खानावळीत प्रत्येक नव्या वाढप्याला शिकवले होते. एकतीस वर्षे तो तिथे सळया घेऊन टेबलाटेबलांतून फिरत होता.

या माणसाच्या गळ्यात कॅमेरा होता, डोक्यावर कोरी टोपी होती. पण टेबलावरची चकती त्याने लाल बाजू वर करून ठेवली होती. हिरवी म्हणजे आणत राहा, लाल म्हणजे नको. सॉसेजवाला आला आणि चकती बघून परत गेला. तो माणूस पाण्याचे घोट घेत बसून होता.

"तोच," भट्टीपाशी मांस भाजत उभा असलेला क्लोविस म्हणाला. "बसच्या ड्रायव्हरनं सांगितलेला."

ड्रायव्हरने सांगितले होते की पर्यटकांच्या बसगाड्या चालवणारी एक कंपनी या रस्त्यावरच्या दोन खानावळींपैकी एक निवडणार आहे. त्यांचा माणूस साध्या पर्यटकासारखा येऊन जेवून जाईल. सोमवारी दोना इवोनीने सगळ्यांना जवळ बसवून स्पष्टच सांगितले होते, "बसगाड्या मिळाल्या तर चालवीन. नाही तर विकून टाकीन आणि कुरिचिबाला मुलीकडं जाईन. माझे गुडघे गेलेत, बाबांनो."

तिला जायला मुलीचे घर होते. आदेलार अठ्ठावन्न वर्षांचा होता. या वयात सळई धरायला नवीन माणूस कोण ठेवतो?

"म्हाताऱ्या, हात थरथरू देऊ नकोस," क्लोविस म्हणाला.

"तुझं मांस चिवट नसलं तर नाही थरथरणार."

"माझं मांस चिवट? तुझे दात पडलेत, ते सांग."

आदेलारने निखाऱ्यावरून पिकान्याची पहिली सळई उचलली. वरची चरबीची कड सोनेरी झाली होती, खडेमीठ झटकलेले होते. नियम मोडून तो थेट नऊ नंबरला गेला आणि सळई टेबलावर उभी टेकवली. माणसाने चकती उलटली. आदेलारने कागदासारखा पातळ काप उतरवला. माणसाने तो चिमट्यात अलगद धरला, वाकवून बघितला आणि मग तोंडात टाकला.

"कुठून आलात, साहेब?"

"साओ पावलोहून. धबधबा बघायला."

"कसा वाटला?"

"उद्या बघेन म्हणतो." माणूस हसला. "नाव काय तुमचं?"

"आदेलार."

"मांस फार चांगलं आहे, आदेलार. समोरही एक खानावळ आहे ना? तिथं कसं असतं?"

समोर मांस कापायला नेरेउ होता. आदेलारच्या मुलीला बाप्तिस्म्याच्या वेळी मांडीवर घेतलेला तिचा धर्मपिता. दोनच रविवारांपूर्वी दोघे एका बाकावर बसून जेवले होते. नेरेउच्या सुरीसारखी सुरी या रस्त्यावर दुसरी नव्हती, आणि ते आदेलार स्वतःच सगळ्यांना सांगत असे.

त्याने सळई या हातातून त्या हातात घेतली.

"साहेब, पिकान्यात तीन शिरा असतात. तिसरीवर सुरी थांबवायची. पलीकडचं मांस दुसरं, ते रश्श्यातच बरं. समोर ते पलीकडचंही सळईला लावतात आणि पिकान्या म्हणून वाढतात."

"लोकांना कळत नाही?"

"तुमच्यासारख्या पाहुण्यांना नाही कळत. गावातल्यांना कळतं. ते आता तिकडं फिरकत नाहीत."

"म्हणजे फार दिवस चालायची नाही म्हणा."

"पुढचा हिवाळा बघितला तरी खूप."

"आणि ही?"

"इथं आजोबांच्या मांडीवर बसून जेवलेली पोरं आता आपली पोरं घेऊन येतात. शेजारी कुणी सोन्याची खानावळ उघडली तरी आमची टेबलं रिकामी राहायची नाहीत."

"असं म्हणता?"

"मुलीच्या शपथेवर सांगतो."

माणसाने आणखी दोन काप घेतले आणि चकती लाल केली. मग उठून तो गल्ल्यापाशी दोना इवोनीकडे गेला. दोघे बराच वेळ हळू आवाजात बोलत होते. शेवटी दोना इवोनीने त्याचा हात दोन्ही हातांत धरला आणि खुर्चीत बसून डोळे पुसले.

"झालं," क्लोविसने आदेलारच्या पाठीवर थाप मारली. "निवडलं आपल्याला. नेरेउला तोंड कसं दाखवणार तू?"

"त्याला इथं आणू. बसगाड्या आल्या की माणसं लागतीलच."

तो माणूस जायला निघाला, पण दारातून मागे वळला आणि आदेलारच्या जवळ आला.

"निवडलंत ना आम्हाला?" आदेलारने विचारले.

"तुम्हालाच." माणसाने त्याचा खांदा दाबला. "तुम्ही माझ्याशी मोकळेपणानं बोललात, म्हणून आधी तुम्हाला सांगतो. आतापासूनच दुसरं काम बघायला लागा. डिसेंबरात आमची कंपनी याच रस्त्यावर स्वतःची खानावळ काढतेय. दोघींपैकी जी आम्हाला जड जाईल, ती विकत घेऊन टाळं लावायचं, एवढंच ठरवायचं होतं. समोरचीला आता आम्ही हातही लावणार नाही."